सुताराची शेवटची साक्ष

पाळकसाहेबांनी आयुष्यात अकरा पुस्तकं लिहिली. त्यांतली दहा कुणी वाचली की नाही, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. ती भेट म्हणून दिली गेली, एवढं मात्र नक्की. लग्न असो, बाप्तिस्मा असो, आजाऱ्याला बघायला जायचं असो, मंडळीतली माणसं पाळकसाहेबांचं एखादं पुस्तक कागदात गुंडाळून न्यायची, आणि घेणारा ते तसंच कपाटात ठेवून पुढच्या लग्नात दुसऱ्याला द्यायचा. अकरावं पुस्तक मात्र लोकांनी वाचलं. वाचलं म्हणजे अगदी पानं सुटेपर्यंत वाचलं. सहा आवृत्त्या निघाल्या, प्रार्थनासभांत त्यातले उतारे मोठ्याने वाचले जाऊ लागले, कधी न भेटलेल्या माणसांची पत्रं येऊ लागली. ‘शेवटची साक्ष’ हे त्याचं नाव. या पुस्तकातल्या एका पानापायी पाळकसाहेबांना तेवीस वर्षं अन्न गोड लागलं नाही, असं लिहिलं तर त्यांच्या बायकोला राग येईल, कारण स्वयंपाक ती करायची आणि ते दोन वेळा व्यवस्थित जेवायचे. पण जेवता जेवता त्यांचा हात मध्येच थांबायचा, हे तिनेही पाहिलं होतं.

ते मूळचे कंपोझिटर. वडील लवकर गेले, शाळा सुटली, आणि सोळाव्या वर्षी ते एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला लागले. लांबुळकी अरुंद खोली, दोन्ही बाजूंना खिळ्यांचे खण, आणि एकुलत्या एका खिडकीखाली फोरमनची खुर्ची. म्हणजे उजेडसुद्धा फोरमनच्या परवानगीनेच यायचा. त्या छापखान्यात धर्मप्रचाराची पत्रकं छापायला येत. खिळे उलटे असतात, ओळ उलटीकडून वाचावी लागते. असं उलटं वाचता वाचता एका पत्रकाने या मुलाला धरलं. एका दिवसात जुळवायचं चार पानांचं पत्रक त्याने तीन दिवस जुळवलं, कारण डोळ्यांत पाणी यायचं आणि हात भलत्याच खणात जायचा. फोरमनने कानाखाली काढली. “रडायचंय तर घरी जाऊन रड, इथे माझे खिळे भिजतायत,” असं तो म्हणाला, हे पाळकसाहेब पुढे उपदेशात हसत हसत सांगायचे. नंतर ते धर्मशिक्षणाला गेले, परीक्षा दिल्या, आणि ऐंशी कुटुंबांच्या एका मंडळीचे पाळक झाले. तिथेच त्यांनी चाळीस वर्षं काढली.

बोलण्यात त्यांचं काही खरं नव्हतं. आवाज पिचका, उभं राहिलं की हात कुठे ठेवायचे ते कळायचं नाही, आणि उपदेश रंगात आला की घड्याळाकडे बघून स्वतःच घाबरायचे. लिहायला बसले मात्र की माणूस वेगळाच. शब्द कसे मापात बसायचे. छापखान्यातली एक सवय त्यांना आयुष्यभर चिकटून राहिली: अर्धवट भरलेलं पान त्यांना बघवायचं नाही. मजकूर चार ओळींनी कमी पडला की चार ओळी पदरच्या घालायच्या, चार ओळींनी वाढला की छाटायच्या. फोरमनने त्यांना हे छडी घेऊन शिकवलं होतं. कुणाच्या ओळी छाटल्या आणि कुणाच्या तोंडी घातल्या, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती.

मंडळीचं चार पानांचं मासिक निघायचं. त्याचं शेवटचं पान पाळकसाहेबांनी त्या महिन्यात प्रभूत निजलेल्या माणसासाठी राखून ठेवलं. माणूस कोण, काय काम करायचा, आणि जाताना काय बोलला. हे शेवटचं बोलणं म्हणजेच त्याची शेवटची साक्ष. ते स्वतः वही आणि पेन्सिल घेऊन आजाऱ्याच्या उशाशी बसत. सुरुवातीला लोकांना हे जरा चमत्कारिक वाटलं, मग आवडलं, मग तर त्याची सवयच झाली. लोक मरणाची तयारी करायला लागले. एक निवृत्त शाळामास्तरीण होती. तिने आपली शेवटची साक्ष तीन वर्षं आधी तयार केली आणि दर दोन महिन्यांनी पाळकसाहेबांना बोलावून त्यात दुरुस्त्या सांगायची. “ते ‘धन्य’ काढा, फार वेळा आलंय,” म्हणायची. प्रत्यक्ष जाताना ती शेजारणीला दूध उतू जातंय एवढंच म्हणाली. पाळकसाहेबांनी छापलं ते ठरलेलं. त्यात कुणाचं काय बिघडलं? बाईंना तेच हवं होतं. अशी थोडीफार साफसफाई ते बऱ्याच जणांची करायचे. बेकरीवाल्याची केली, शिंप्याच्या आईची केली, आणि घरच्यांनी दरवेळी हात हातात घेऊन आभारच मानले. सुताराचं तसं नव्हतं.

सुतारदादा हा मंडळीतला सगळ्यांत कमी बोलणारा माणूस. उपासनेला बसायचे सगळे बाक त्याने केलेले. एकही करकरत नाही. कुणी काही विचारलं की “हं” नाहीतर “बघू”. बायको बाळंतपणात गेली होती आणि एक मुलगी मागे राहिली होती. तिला त्याने एकट्याने वाढवलं. ती बारा वर्षांची असल्यापासून मंडळीत ऑर्गन वाजवायची. पाय जेमतेम पोचायचे, म्हणून सुतारदादाने भात्याच्या पायट्यांवर लाकडाचे ठोकळे बसवून दिले होते. वाजवायची अशी की पाळकसाहेबांचा रटाळ उपदेशही लोकांना सोसायचा, कारण त्यानंतर गीत असायचं.

ती चोवीस वर्षांची झाली तेव्हा एक बातमी आली. शनिवारी संध्याकाळी ती एका मोठ्या हॉटेलात पियानो वाजवते, आणि तिच्या वाजवण्यावर लोक खातात, पितात, नाचतात. कार्यकारिणीतल्या एकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो स्वतः तिथे काय करत होता, हे कुणी विचारलं नाही.

मंडळीत एक पद्धत होती. कुणाचं पाऊल वाकडं पडलं की त्याने रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून ‘मी चुकलो’ म्हणायचं, गुडघे टेकायचे, सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची, आणि तो विषय तिथेच संपवायचा. ही पद्धतही पाळकसाहेबांनीच आणलेली. ती प्रेमळ आहे असं त्यांना मनापासून वाटायचं. त्यांनी मुलीला बोलावून घेतलं.

“मी काय चुकले ते सांगा,” ती म्हणाली. “तेच हात, तेच सूर. शनिवारी पाप आणि रविवारी भक्ती, असं कसं?”

“पोरी, जागा बघ ना. लोक काय करतात तिथे!”

“लोक करतात. मी वाजवते. उभी राहणार नाही मी.”

मग पाळकसाहेब सुताराच्या कारखान्यात गेले. तुम्ही बाप आहात, तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल, असं त्यांनी त्याला समजावलं. आज तुम्ही मऊ पडलात तर उद्या मी बाकीच्यांना कोणत्या तोंडाने सांगू, हेही वर म्हणाले. सुतारदादा बराच वेळ फळीवर रंधा मारत राहिला. मग “बघू” म्हणाला. त्याच आठवड्यात त्याने मुलीला सांगितलं की रविवारी उभी राहणार नसशील तर या घरात राहू नकोस. ती सोमवारी गेली. पहिल्या वर्षात तिची तीन पत्रं आली. प्रत्येक पत्र घेऊन सुतारदादा पाळकसाहेबांकडे आला. काय करू, असं तोंडाने विचारलं नाही, नुसतं पाकीट पुढे धरलं. पाळकसाहेब तिन्ही वेळा म्हणाले की ती वळेपर्यंत फोडू नका. तिन्ही पत्रं तशीच परत गेली.

पाच वर्षांनी सुतारदादाची छाती भरली आणि त्याला इस्पितळात ठेवलं. आठ खाटांची खोली, मध्ये कापडाचा पडदा, आणि दुपारचे तीन. पाळकसाहेब वही उघडून उशाशी बसले. सुतारदादाने डोळे उघडले आणि त्या माणसाने आयुष्यात केलं नसेल एवढं बोलणं दोन दमांत केलं. पोरीचं काही चुकलं नव्हतं, तुमचं ऐकून मी तिला घालवलं, हे तिला कळवा, असा त्याचा आशय होता. पाळकसाहेबांची पेन्सिल कागदावर टेकलेली होती. ती हलली नाही. थोड्या वेळाने ते खाली वाकून म्हणाले, “दादा, प्रभूविषयी काही सांगायचंय का?”

सुतारदादाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पाऊण तासाने तो गेला.

मासिक दुसऱ्या दिवशी छापायला जायचं होतं आणि शेवटचं पान रिकामं होतं. पाळकसाहेबांनी ते एका बैठकीत लिहून काढलं. मेलेल्या माणसाची अब्रू राखायला हवी, मंडळीत फूट पडायला नको, एका आजारी माणसाच्या तापातल्या बोलण्याला किती धरून बसायचं, अशी सगळी कारणं त्यांच्याजवळ तयार होती. त्यांतलं एकही खरं नव्हतं. खरं एवढंच होतं की त्या दोन वाक्यांत त्यांचं नाव होतं आणि ते त्यांना छापायचं नव्हतं. सुताराच्या तोंडी त्यांनी घातलं ते असं: ‘मला आता काही नको. माझ्या लेकीने गुडघे टेकावेत, एवढीच माझ्या जिवाची शेवटची मागणी. ते झालं की मी निश्चिंत झालो.’

मजकूर तपासायचं काम बायकोचं असे. तिने चष्मा वर करून विचारलं, “अहो, सुतारदादा एवढं बोलायचे?”

“शेवटी माणूस बोलतो,” पाळकसाहेब म्हणाले. बायकोने पुढे एक स्वल्पविराम दुरुस्त केला.

मासिकातली ही शेवटची पानं एकत्र करून पुस्तक निघालं तेव्हा नेमकं तेच पान गाजलं. बापांनी ते लेकींना वाचून दाखवलं. हट्टाला पेटलेली मुलं ते वाचून घरी परत आली, अशी पत्रं आली, आणि ती पत्रं पाळकसाहेबांनी खरोखर आनंदाने वाचली. माणूस तसा वाईट नव्हता. पण प्रत्येक आवृत्तीच्या वेळी ते पान काढून टाकायचं ठरवायचे, आणि छापखानेवाला म्हणायचा, “साहेब, त्याच पानासाठी लोक घेतात.” मग ते पान तसंच राहायचं. मुलीला पत्र लिहायला त्यांनी कितीदा सुरुवात केली असेल. पत्ता माहीत होता, परत गेलेल्या पाकिटांवर तोच तर होता. ‘प्रिय मुली’ इथपर्यंत झकास जायचं. पुढे काय लिहायचं ते त्यांना, अकरा पुस्तकांच्या लेखकाला, सुचायचं नाही. सुचायचं नाही म्हणजे लिहायची हिंमत व्हायची नाही.

पाळकसाहेब चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले. निवृत्त होऊन मंडळीच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्यांत राहायला लागले. एक दिवस मंडळीच्या सेक्रेटरीने सहज सांगितलं की ऑर्गन पार बसलाय, दुरुस्त करायला एक बाई येणार आहेत, लांबच्या शहरात फार नाव आहे म्हणे त्यांचं. नवे पाळक आठवडाभर अधिवेशनाला गेलेत, तेव्हा चावी घेऊन तुम्हीच या. सेक्रेटरी नवा होता. त्याला काही माहीत नव्हतं.

पाळकसाहेबांनी प्रार्थनामंदिराचं दार उघडलं तर पायरीवर सुताराची लेक उभी. केस पिकलेले, हातात हत्यारांची पेटी, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. पाळकसाहेबांनी उघडलेलं दार अर्धवट परत ओढलं. ती मात्र हसली.

“ओळखलंत?”

“ओळखलं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज होता त्याहून पिचका झाला.

दोन दिवस तिने ऑर्गन उघडा टाकला होता. उंदरांनी आतला लोकरीचा नमदा कुरतडलेला, भात्याचं चामडं तडकलेलं. तिने नवं चामडं चिकटवलं, सूर देणाऱ्या पितळी पट्ट्या एकेक काढून ब्रशने साफ केल्या, ओळीने फडक्यावर मांडल्या. सुराची पट्टी टोकाशी किंचित घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, हे तिने त्यांना विचारल्याशिवायच सांगितलं. पाळकसाहेब पहिल्या बाकावर बसून होते. चावी ठेवून घरी गेले असते तरी चाललं असतं, पण जाववत नव्हतं आणि बोलवतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हात पुसत त्यांच्या शेजारी येऊन बसली.

“मला तुमचे आभार मानायचे होते,” ती म्हणाली. “म्हणूनच हे काम घेतलं.”

“माझे?”

“ते पान लिहिलंत तुम्ही. बाबांचं. हॉटेलात माझ्याबरोबर गाणारी एक बाई होती, तिने मला ते पुस्तक दिलं. तिला माहीतही नव्हतं की ती लेक म्हणजे मी. आधी मला फार राग आला. दोन वर्षं मी ते पुस्तक ट्रंकेच्या तळाशी टाकून ठेवलं होतं. पण वाक्य काही जाईना डोक्यातून. मग एका रविवारी मी राहते तिथल्या मंडळीत उभी राहिले. म्हटलं, मी चुकले. गुडघे टेकले. अनोळखी माणसं सगळी, पण बायका रडल्या.” तिने फडक्याची घडी घातली. “त्या दिवसापासून वाजवलं नाही.”

“वाजवलं नाही म्हणजे?”

“कुठेच नाही. घरी नाही, मंडळीत नाही. ज्या गोष्टीसाठी बापाचा जीव अडकला ती कशी करायची? पण हातांना राहवेना, म्हणून दुरुस्ती शिकले. सूर लावते, भाते शिवते. वाजवून बघायची वेळ आली की दुसऱ्या कुणाला तरी बसवते.” ती पुन्हा हसली. “बाबा निश्चिंत झाले असतील ना हो? तुम्ही लिहिलं नसतं तर मला कधी कळलंच नसतं.”

पाळकसाहेबांनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. घरी येऊन ते तसेच, चपला पायांत असताना, स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभ्या असलेल्या बायकोला सगळं सांगितलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. बायको भाजी चिरत होती ती चिरतच राहिली.

“मला संशय होता,” ती म्हणाली. “मी विचारलं होतं तुम्हाला.”

“विचारलं होतंस.”

“आणि मग मी गप्प बसले. म्हणजे माझाही हात आहे त्यात.” तिने सुरी खाली ठेवली. “सांगणार आहात तिला?”

“ती सुखात आहे. बापाची इच्छा पुरी केली असं तिला वाटतंय. मी सांगितलं तर तिच्या हातात काय राहील? वीस वर्षं उगाच गेली, एवढंच.”

“आणि नाही सांगितलं तर?”

पाळकसाहेब ओट्यावरची देठं गोळा करायला लागले.

“एक सांगू?” बायको म्हणाली. “तुम्हाला हलकं व्हायचंय म्हणून जाणार असाल तर जाऊ नका. ते ओझं तुमचं आहे, वाहा. पण ती बाई वाजवू शकते आणि तुमच्यापायी वाजवत नाही, म्हणून जाणार असाल तर उद्याच जा. आणि चपला काढा आधी.”

तिसऱ्या दिवशी सूर लावायचं काम होतं. त्यासाठी दोन माणसं लागतात: एकाने बाकावर बसून पायाने भाता मारायचा आणि सांगितलेली काळी-पांढरी पट्टी दाबून धरायची, दुसऱ्याने मागच्या बाजूने कान लावून आतली पितळी पट्टी घासायची. “बसता का?” तिने विचारलं. “वाजवता यायला लागत नाही, नुसतं दाबून धरायचं.” पाळकसाहेब बसले. सकाळभर ती ऑर्गनच्या मागून ‘पुढचा’ म्हणायची आणि ते पुढची पट्टी दाबायचे. ती दिसत नव्हती, नुसता आवाज यायचा. कदाचित त्यामुळेच त्यांना जमलं.

“ते वाक्य तुझ्या बाबांचं नाही,” ते म्हणाले. “मी लिहिलेलं आहे.”

घासण्याचा आवाज थांबला. पाळकसाहेबांनी थांबायचं नाही असं ठरवलं होतं, ते सगळं बोलून गेले. आठ खाटांची खोली, वही, न हललेली पेन्सिल. तुझं काही चुकलं नव्हतं, असं तुझे बाबा म्हणाले. माझं ऐकून तुला घालवलं, असं म्हणाले. तुला कळवायला सांगितलं होतं. मी कळवलं नाही. मला लाज वाटली आणि मी ती तुझ्या माथी मारली. चुकलो, पोरी. बोलता बोलता त्यांचा पाय भात्यावर चालूच होता आणि दाबलेला सूर तसाच लांबत राहिला होता. तो त्यांनी आता सोडला.

ती मागून पुढे आली. हातातली बारीक कानस तशीच होती.

“काय म्हणाले बाबा? नेमकं?”

“सांगितलं ना. की तुझं चुकलं नव्हतं…”

“ते तुम्ही सांगताय. मला बाबांचं हवंय. शब्द काय होते त्यांचे?”

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं. “ते म्हणाले, माझ्या लेकीचा काही अपराध नाही, मीच तिच्यावर अन्याय…” ते अडखळले. सुतारदादा ‘अपराध’ कधी म्हणाला नसता, ‘अन्याय’ही नाही. “नाही, थांब. ते म्हणाले, पाळकसाहेब, तुमच्या शब्दाखातर मी माझं लेकरू दूर लोटलं…” हेही नव्हतं. हे तर सरळ छापायला द्यावं असं होतं. त्यांनी डोळे मिटले. पडदा आठवत होता, खाटेची गंजलेली दांडी, उशीचा डाग, भिंतीकडे वळलेली मान. ओठ हललेले दिसत होते. पण त्या ओठांतून आता एकच वाक्य येत होतं, ‘मला आता काही नको’, स्वतः जुळवलेलं, सहा वेळा छापलेलं. शंभर माणसांचे शेवटचे शब्द त्यांनी टिपून ठेवले होते. न टिपलेले तेवढे हे दोन दम होते. तेवीस वर्षं ते त्यांनी रोज मागे ढकलले, आणि आता हात घातला तर तिथे काही नव्हतं.

“‘पोरीचं…’” त्यांनी पुन्हा सुरुवात केली. “‘पोरीचं काही…’”

“बाबा मला पोरी म्हणायचे नाहीत,” ती म्हणाली. “पोरी तुम्ही म्हणता.”

“काय म्हणायचे?”

तिने सांगितलं नाही. तिने कानस फडक्याला पुसली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. राग असता तर पाळकसाहेबांना बरं वाटलं असतं.

“वीस वर्षं मी एक वाक्य पाठ केलं,” ती म्हणाली. “ते तुमचं निघालं. आता हे दुसरं देताय. तुम्ही खरं बोलताय, की मला बरं वाटावं म्हणून लिहिताय, हे मी कशावरून ओळखायचं?”

“देवाची शप…” पाळकसाहेब म्हणाले आणि तिथेच थांबले. शपथ घ्यायची नसते, माणसाचं ‘हो’ म्हणजे हो असावं, हे त्यांनीच तिला रविवारच्या शाळेत शिकवलं होतं. त्यांनी हात जोडले. ते हात बघवेनात म्हणून की काय, ती ऑर्गनकडे वळली.

“अकरा सूर राहिलेत,” ती म्हणाली. “ते धरायला दुसऱ्या कुणाला पाठवा.”

पाळकसाहेब घरी गेले आणि त्यांनी बायकोला पाठवलं. ती पदराला हात पुसत निघाली. तेही तिच्यामागून परत आले, पण आत गेले नाहीत, दाराबाहेर पायरीवर बसले. आतून एकेक सूर येऊ लागला. आधी थोडा बेसूर, मग घासल्याचा बारीक आवाज, मग तोच सूर स्वच्छ, लांबच लांब. ते बोटांवर मोजत होते. अकरावा सूर लागला आणि थांबला, तेव्हा ते भिंतीला धरून उठले आणि दाराला कान लावून उभे राहिले. आता ती बसेल, दोन ओळी तरी वाजवेल. आतून हत्यारांच्या पेटीची कडी लागल्याचा आवाज आला.